मायचं माहेर

आमच्या धुळ्याच्या कॉलेजात एक संग्रहालय होतं. संग्रहालय म्हणजे एक खोली, वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा आणि सायकल स्टँड यांच्यामधे कोंबलेली. तिच्यात शिरायचं तर आधी चप्पल बाहेर काढावी लागे आणि मग आईचं नाव सांगावं लागे. हा नियम कॉलेजचा नव्हता. उखर्डू नानांचा होता, आणि तो प्राचार्यांनाही लागू होता.

मी चोपड्याहून प्राणिशास्त्र शिकवायला नवीन आलो, तेव्हा एका दुपारी निव्वळ पंख्याच्या आशेनं तिथे शिरलो. खाकी शर्ट, पांढरी टोपी, अंगानं काटकुळे असे एक गृहस्थ स्टुलावर बसून खापराचा तुकडा ओला करून हुंगत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, “तुमनी मायनं नाव?”

“सुमन.”

“तिनी मायनं?”

“द्वारका.”

“तिनी मायनं?”

मी वर पंख्याकडे बघितलं. आजीच्या आईला मी पाहिलं नव्हतं, आणि तिलाही नाव असणार हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

“कालेजमा शिकाडतस ना सर तुमी?” नानांनी आता मान वर केली. “तिसरीमाच अटकनात?”

हा खेळ ते सगळ्यांशी खेळत. शाळांच्या सहली येत, तपासणीला साहेब येत, एकदा एक आमदारही आले होते. बापाचा बाप, त्याचा बाप, असं धडाधड सात पिढ्या म्हणणारे लोक आईकडून विचारलं की दुसऱ्या-तिसऱ्या नावाला तोंड उघडं ठेवून उभे राहत. चाळीसगावची एक मुलगी पाचव्या नावापर्यंत पोचली होती. नानांनी तिला खिशातले सगळे डाळे-फुटाणे देऊन टाकले आणि पुढे कितीतरी वर्षं ‘ती चायीसगावनी पोर’ असा तिचा दाखला आम्हाला ऐकवला. स्वतः नाना या परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला नापास होते, हे मला फार उशिरा कळलं.

नाना संग्रहालयाचे परिचर. म्हणजे झाडणं, पुसणं, कुलूप लावणं. किल्ली कमरेच्या करदोड्याला. त्यामुळे पेटी उघडताना ते शर्ट वर उचलत आणि समोर बायामाणसं असली की इतिहास विभागाचे लोक खिडकीबाहेर बघत. खोलीत कोणी शिट्टी वाजवलेली त्यांना चालत नसे. ‘हाडं’ म्हटलेलं चालत नसे. ‘सांगाडा’ म्हटलं तर ते सरळ दिवा बंद करत. “हाई माय शे,” ते म्हणत. “मायच म्हना.”

माय म्हणजे पत्र्याच्या पेटीत, जुन्या धुवट लुगड्यात बांधलेली एक बाई. नाना पंचविशीच्या आत होते तेव्हाची गोष्ट. धरणगावहून चोपड्याकडे जाताना तापी लागते, तिथल्या काठावर त्यांचं गाव. गावाबाहेर जुन्या वस्तीची टेकडी होती, आमच्या कॉलेजचे तेव्हाचे इतिहासाचे सर ती खणायला आले आणि नाना रोजंदारीवर लागले. तिथल्या एका जुन्या घराच्या जमिनीखाली, उताणी झोपवलेली ही बाई निघाली. तीन हजार वर्षांपूर्वीची, असं सर म्हणाले. शेजारी दोन मडकी तोंडाला तोंड लावून ठेवलेली, त्यांच्यात लहान बाळाची हाडं. बाईचे पाय घोट्यापासून तोडलेले होते. मेलेलं माणूस भूत होऊन चालत येऊ नये म्हणून तसं करत असावेत, असं सरांनी सगळ्या मजुरांना समजावून सांगितलं. नानांना हे कधीच पटलं नाही.

“भेव वाटस त्याले लोके गावबाहेर पुरतस,” ते म्हणत. “घरमा, चूल्हाजोडे पुरी ना? मंग? जाऊ नको म्हनीसन पाय तोडात. ज्यासनी माया व्हती त्यासनीच तोडात.”

सर निवृत्त झाले, वारले, त्यांचे कागद कुठे गेले कोणास ठाऊक. नाना आणि माय राहिले. तिला धुळ्याला आणलं तेही नानांनी, एसटीनं, पेटी मांडीवर घेऊन. कंडक्टरनं विचारलं पेटीत काय. खोटं बोलता येत नसल्यामुळे नाना म्हणाले, बाईमाणूस आहे. कंडक्टर म्हणाला, मग पूर्ण तिकीट पडेल. त्यांनी निमूट काढलं. ते तिकीट पिवळं होऊन अजून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेलं होतं आणि सहलीच्या पोरांना मायच्या आधी ते दाखवलं जाई.

या माणसाला बघून आम्ही स्टाफरूममधे हसायचो. मीही हसायचो. आता ते आठवलं की स्वतःचा राग येतो.

मला तिसरं वर्ष असेल. आखाजीचा दिवस होता. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात आणि दिवाळीपेक्षा तिचा थाट मोठा असतो. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात. आणि सकाळी घरोघर पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर, तिच्यावर लहान मडकं, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, शेजारी आंबे आणि सांजोऱ्या. बाप गेलेला असेल तर मुलानं बापाच्या नावानं पाणी द्यायचं. कॉलेजला सुट्टी होती, मी विसरलेलं पुस्तक घ्यायला आलो तर संग्रहालय उघडं. नाना उघड्या अंगानं जमिनीवर बसले होते. समोर भरलेली घागर, डांगर, दोन आंबे. मायचं लुगडं पसरलेलं, आणि नाना एकेक हाड हातात घेऊन घागरीतल्या पाण्यानं धूत होते. बोटानं चोळून, लहान पोराला न्हाऊ घालतात तसं. मग पंच्यानं टिपून ओळीनं मांडत होते.

मी विचारलं, “नाना, आज तुमच्या घरची घागर?”

“हाईच,” ते म्हणाले.

मग हळूहळू बाहेर आलं. खानदेशात मूल जगत नसलं की पुढच्याला उकिरड्यावर ठेवल्याचं नाटक करतात, कोणीतरी उचलून आणतं, आणि नाव ठेवतात उखर्डू. नानांच्या बाबतीत नाटक नव्हतं. तापीच्या वाळूत डांगरवाडी लावणाऱ्या गोदामाय नावाच्या विधवेला ते एका सकाळी वाडीच्या कडेला फडक्यात सापडले. तिनं वाढवलं, नाव ठेवलं, लग्नही करून दिलं. ती गेली तेव्हा पहिल्या आखाजीला नाना घागर घेऊन निघाले, तर तिच्या पुतण्यांनी दारातच अडवलं. पाणी रक्ताचं असतं म्हणाले. तुझं तिचं काय?

“मन्ही मायले मी देखं नही,” नाना हाड पुसत म्हणाले. “गोदामायले पानी देऊ देत नही. आनि हिले पानी देनारं कोनी नही. मंग काय वाईट?”

मी काय केलं? मला ते दृश्य फार सुंदर वाटलं. मी फोटो काढला. प्राणिशास्त्राचा प्राध्यापक, त्याच टर्ममधे वर्गात फळ्यावर डीएनएची शिडी काढणारा मी, ओल्या हाडांवरून फिरणारे ते उघडे हात बघत उभा राहिलो आणि कौतुकानं फोटो काढला. तो फोटो कॉलेजच्या वार्षिकातही छापून आला.

नाना निवृत्त झाले तरी मानधनावर राहिले, कारण दुसरं कोणी त्या खोलीत बसायला तयार नव्हतं. मग नवे प्राचार्य आले. त्यांना संगणकाची दुसरी खोली हवी होती. मागच्या पावसाळ्याआधीच त्यांनी नानांना बोलावून सांगितलं, खोली रिकामी करायची आहे, पेटी संस्थेच्या जळगावच्या गोदामात जाईल. नानांनी ते गोदाम पाहिलेलं होतं. मोडक्या बाकांच्या, जुन्या उत्तरपत्रिकांच्या आणि उंदरांच्या त्या जागेचं नाव ऐकून ते माझ्याकडे आले. आयुष्यात पहिल्यांदा चप्पल घालूनच माझ्या प्रयोगशाळेत शिरले.

“सर, काही करा.”

मी प्राचार्यांना भेटलो. म्हटलं, या हाडांची डीएनए तपासणी करून बघू. आपल्या भागातल्या एवढ्या जुन्या माणसाचा डीएनए मिळाला तर देशभरातले लोक इथे येतील, खोलीच काय, इमारत मिळेल. प्राचार्य वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, अहवाल आणा, खोली ठेवतो. नाही आला तर पेटी जाईल.

नानांना मी पेटीशेजारी बसून सगळं समजावलं. माणसाच्या हाडात त्याच्या पूर्वजांची खूण हजारो वर्षं राहू शकते. अशा खुणा वाचून आता कळतं की या देशात माणसं एकदाच आली आणि बसली असं झालेलं नाही. फार फार पूर्वी रानात शिकार करून जगणारे आले. मग इराणच्या बाजूच्या जुन्या माणसांशी नातं सांगणारे लोक त्यांच्यात मिसळले, सिंधूकाठची शहरं त्यांच्या वंशजांची. शहरं ओसरली तशी माणसं खाली दक्षिणेकडे सरकली आणि वरून, पार उत्तरेच्या गवताळ मुलखातून गुरं पाळणारे आले. हे सगळे एकमेकांत मिसळत राहिले. पुढे लग्नं जातीतच व्हायला लागली आणि मिसळणं आटलं. आज तुमच्या-माझ्यात सगळेच थोडे थोडे आहेत.

“मंग माय कोनामाधली?”

“तेच कोणाला माहीत नाही, नाना. आपल्याकडच्या उन्हात हाडातली खूण टिकत नाही. म्हणून या मुलखाचं पान जवळजवळ कोरं आहे.”

“म्हनजे हिनं माहेर कोनतं, ते समजई?”

मी हसलो. पण बरोबरच होतं ते. बाई कुठून आली म्हणजे दुसरं काय? मी म्हटलं, हो, तसंच. त्यातला एक भाग असा असतो की तो फक्त आईकडूनच येतो. आई, तिची आई, तिची आई. तुमचा खेळ आहे ना, तोच. त्यात नावं नसतात, पण वाट सापडते.

नानांचं फुटाणे चघळणं थांबलं. “कोनामाबी ऱ्हास ते? मन्हामाबी मन्ही मायनं काही शे?”

“शरीरभर आहे, नाना.”

ते बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसले. मग उठून त्यांनी उगाचच खोली पुन्हा झाडली.

दिवाळीनंतर दक्षिणेकडच्या एका प्रयोगशाळेतून मीनाक्षी नावाची संशोधक आली. मूळची नागपूरची, तिशीतली, कमी बोलणारी. चप्पल काढून तिनं आईकडची चार नावं सांगितली आणि नाना खूश झाले. मग तिनं पांढरा अंगरखा चढवला, तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, हातमोज्यांवर हातमोजे. नाना माझ्या कानात म्हणाले, “लगीनमा नवरदेवबी इतला नटत नही.”

कानामागचं एक हाड सगळ्यात घट्ट असतं, तिनं सांगितलं, काही टिकलं असेल तर तिथेच असेल. नानांना हे फार आवडलं. “कानजोडे ना? मंग बरोबर शे. तिनी मायनी जे सांगं ते बठ्ठं तठेच व्हई.”

हाड काढताना मात्र ते थांबा म्हणाले आणि मायच्या तोंडावर लुगड्याचा पदर टाकला. “आते काढा.” मीनाक्षीनं पदराखालून, शांतपणे, न हसता काम केलं. हाड आणि एक दाढ पिशवीत बंद झाली. नानांनी विचारलं, परत येईल ना? ती म्हणाली, भोक पडेल, पण येईल.

मग तिनं फॉर्म काढला. कुठे सापडली, किती खोल, कशात ठेवली. नाना एकेक उत्तर तोंडी परीक्षेसारखं ताठ बसून देत होते.

“हाडं कधी धुतली आहेत का?”

“दर आखाजीले,” नाना अभिमानानं म्हणाले.

तिचं पेन थांबलं. “किती वर्षं?”

“चायीस व्हई गयात.”

“हातमोजे?”

“मायले हातमोजा घालीसन कोन आंग धोस?”

“फक्त पाणी?”

“तापीनं पानी. दर साल घागर भरीसन आनस. आनि वाळनी का मंग जरासं खोबरेल. उन्हायामा हाड तडकस ना.”

मीनाक्षीनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. पाण्यानं हाडातली खूण धुऊन जाते, आणि हाताळणाऱ्याची स्वतःची खूण घामातून, कातडीतून हाडात मुरते. हे मला माहीत होतं. फोटो काढला त्या दिवशीही माहीत होतं, फक्त मला ते त्या दिवशी आठवलं नव्हतं. तिनं नानांना तोंड उघडायला लावलं आणि गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून घेतली. कशाला, हे त्यांनी विचारलं नाही. आपलाही काहीतरी उपयोग होतोय एवढ्यानंच ते सुखावले होते.

मी तिला बसस्टँडवर सोडायला गेलो. तिथे ती एवढंच म्हणाली, “सर, तुम्ही प्राणिशास्त्राचे ना?”

पुढचे महिने कसे गेले ते मला नीट सांगता येत नाही. नाना रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दारात येत. “उनं का?” विचारत, म्हणजे अहवाल आला का. “नाही नाना.” ते परत जात. मी एकदा म्हटलं, उन्हामुळे फार आशा धरू नका. ते म्हणाले, “माय घरनाखाले व्हती. थंडामा.” दुसऱ्या वेळी म्हटलं, फार जुनी आहे. ते म्हणाले, “जुनं माणूसच जास्त सांगस.” खरं कारण सांगायची हिंमत मला झाली नाही. कॉरिडॉरमधून त्यांच्या चपलांचा आवाज आला की मी कपाटामागे जाऊन नमुन्यांच्या बाटल्या लावत असल्याचं सोंग करू लागलो. त्यांनी मात्र खोलीची भिंत स्वतः चुन्यानं रंगवली. पाहुणे येतील म्हणून दोन खुर्च्या घरून आणल्या. एका पुठ्ठ्यावर कोणाकडून तरी सुबक अक्षरात लिहून घेतलं, ‘मायचं माहेर’, आणि पुढे जागा कोरी सोडली. तो पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवलेला दिसायचा. मी तिकडे जाणं टाळू लागलो.

चैत्रात अहवाल आला. कुरियरनं हाडाची डबीही आली. मी स्टाफरूमच्या कोपऱ्यात वाचला. वाचण्यासारखं फार नव्हतं. जुना, वापरता येईल असा अंश मिळाला नाही. जो थोडा मानवी अंश मिळाला तो अलीकडचा आहे आणि हाताळणाऱ्याच्या नमुन्याशी जुळतो.

मी मीनाक्षीला फोन केला. दुसरं काही हाड? ती म्हणाली, ऊन एकटंही पुरेसं होतं सर, कदाचित न धुताही काही मिळालं नसतं. कदाचित, मी विचारलं. ती म्हणाली, हो, कदाचित. तिच्या आवाजात दोष नव्हता, म्हणून जास्त लागलं. ठेवता ठेवता ती म्हणाली, नानांना हवं असेल तर त्यांच्या आईकडची वाट मात्र स्पष्ट दिसते आहे. ती फार जुनी आहे, याच मातीतली. शेती नव्हती, मडकी नव्हती, तेव्हापासूनच्या बायकांची.

मी डबी आणि कागद घेऊन गेलो. चप्पल काढली. नाना पुठ्ठ्याशेजारी उभे होते.

“नाही मिळालं, नाना. उन्हानं गेलं सगळं.”

त्यांनी कागदाकडे बघितलं. मग माझ्याकडे. चाळीस वर्षं पोरांच्या तोंडावरून उत्तर ठाऊक आहे की नाही हे ओळखणारा माणूस तो.

“मंग मन्हा थुंका काबर लिधा व्हता?”

मला खोटं बोलता आलं असतं. बोलायला हवं होतं की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. मी खरं सांगितलं. हाडात सापडलं ते तुमचंच, नाना. हातातून गेलेलं. आणि घाईघाईनं, जणू बदल्यात काही देतोय असं, दुसरंही सांगून टाकलं: तुमच्या आईची वाट सापडली आहे. इथलीच आहे ती, हजारो वर्षांची, आपल्यातल्या कितीजणांपेक्षा जुनी. गोदामायच्या पुतण्यांना सांगा.

नाना स्टुलावर बसले. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कोणीतरी नळ सोडला होता, त्याचा आवाज येत राहिला.

“माले मन्हं नको व्हतं, सर,” ते म्हणाले. “तिनं पाहिजे व्हतं.”

मी काहीतरी बोलायला गेलो.

“चायीस वरीस ती सांगाले बठेल व्हती,” ते म्हणाले. “आनि मीच तिना तोंडवर हात ठेवा.”

मी त्यांना फोटोची गोष्ट सांगितली. मलाही माहीत होतं, मी थांबवायला हवं होतं, दोष माझा आहे. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी मायला हात लावला नाही. पेटी उघडली नाही, पुसली नाही. किल्ली करदोड्यावरून सोडून माझ्या टेबलावर ठेवून गेले. खोलीत बसत, पण हात मांडीखाली घालून. फुटाणे खाणं बंद झालं. सहल आली तर पोरांना नावं विचारत नसत. एका मास्तरांनी आठवण करून दिली, नाना, तो आईच्या नावांचा खेळ? नाना म्हणाले, “ऱ्हाऊ द्या.”

मी अर्ज केले. संस्थेकडे, इतर दोन-तीन ठिकाणी. एका ठिकाणाहून उत्तर आलं की हाडं जतनाच्या दृष्टीनं योग्य स्थितीत नाहीत. प्राचार्यांनी शब्द दिला होता तो पाळला, अहवाल येईपर्यंत थांबले. त्यांच्यावर रागवायलाही जागा नव्हती.

आखाजी चार दिवसांवर असताना टेम्पो आला. दुपारची वेळ, ऊन असं की सायकल स्टँडचा पत्रा तडतडत होता. दोन हमाल पेटी उचलून निघाले. पायरीवर एकाचा हात घसरला, पेटी कलंडली, कडी निघाली आणि लुगड्याचं गाठोडं अर्धं बाहेर आलं. गाठ सैल झाली. नाना दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांचं अख्खं अंग पुढे झुकलं आणि तिथेच थांबलं. हात पाठीमागे गेले, आणि उजव्या हातानं डाव्याचं मनगट घट्ट धरलं.

“सर,” ते म्हणाले, “तुमी बांधा. हातमोजा घालीसन बांधा.”

मी प्रयोगशाळेतून हातमोजे आणले. पायरीवर गुडघे टेकून बसलो. हाडाची डबी आत ठेवली. ती गाठ मी कितीदा बघितली होती, पण बांधता येईना. हातमोज्यात बोटं घामानं घसरत होती.

“डावा पदर वर ल्या,” नाना वरून सांगत होते. “आते उजवा त्यानाखालून. वढा. तितलं नको, तिले दुखई. आते गाठ मारा. कच्ची नको. रस्तावर खड्डा शेतस.”

झाकण लावताना आतलं एसटीचं तिकीट दिसलं. मी ते काढून नानांपुढे धरलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. मी ते परत चिकटवलं.

टेम्पोवाल्याकडे एक कागद होता. त्यावर काय माल आहे ते भरायचं होतं. त्यानं पेन कानावरून काढलं आणि माझ्याऐवजी टोपी बघून नानांनाच विचारलं, “बाबा, काय लिहू? काय शे पेटीमा?”

“लेक शे,” नाना म्हणाले. “आखाजीले माहेर चालनी.”

टेम्पोवाल्यानं त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ‘जुनं सामान’ असं लिहिलं. टेम्पो सायकल स्टँडला वळसा घालून गेटमधून बाहेर पडला आणि जळगावच्या रस्त्याला लागला. नाना उन्हात तसेच उभे राहिले. मी त्यांना सावलीत या म्हटलं, दोनदा म्हटलं. रस्ता रिकामा झाला तरी त्यांचे हात पाठीमागेच होते, आणि एका हातानं दुसरा तसाच धरून ठेवलेला होता.